पावसाळी पाण्यातले प्रदूषण कसे रोखावे : शेत, कारखाना आणि वाहन आगारांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रात पावसाळा संपल्यापासून पुढचे सात-आठ महिने जमिनीवर जे साठत जाते, त्यातले बरेचसे पहिल्या काही सरींमध्ये ओढ्या-नाल्यांतून नदीला जाऊन मिळते. गोठ्यामागच्या उकिरड्याचा रस, कारखान्याच्या आवारात सांडलेली पावडर, एसटी आगाराच्या काँक्रीटवर साचलेला काळ्या ऑइलचा थर, टायर आणि ब्रेक झिजून पडलेली जस्त-तांब्याची बारीक धूळ, हे सगळे त्या पाण्यात असते. नदीत त्या वेळी पाणी सर्वांत कमी असते. त्यामुळे एवढी घाण पातळ होण्याइतके पाणीच तिथे नसते, पाण्यातला प्राणवायू झपाट्याने संपतो आणि नदीकाठच्या गावांना पहिल्या गढूळ पाण्याबरोबर मेलेले मासे वर आलेले दिसतात. ही हानी टाळता येण्याजोगी आहे आणि तिच्यासाठी लागणारी बहुतेक कामे गवंडी, प्लंबर, सफाई कामगार आणि शेतकरी यांच्या आवाक्यातली आहेत.

सगळ्या उपायांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. घाण झालेले पाणी शुद्ध करणे अवघड आणि महाग असते. पाऊस येण्याआधी घाण उचलणे आणि स्वच्छ पाण्याला तिच्यापासून दूर ठेवणे सोपे आणि स्वस्त असते. म्हणून टाकी, सापळा, गाळणी यांचा विचार शेवटी करावा. वेळेचीही एक चूक सर्रास होते. पावसाळापूर्व साफसफाई मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उरकली जाते. पण एप्रिल-मेमधला वळीव त्याआधीच येऊन जातो आणि वर्षाची सर्वांत मोठी धुलाई त्याच पावसात होते. गुढीपाडव्यानंतर लगेच काम सुरू करून अक्षय्य तृतीयेपर्यंत ते पूर्ण करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी पाण्याची वाट शोधावी

पहिले काम म्हणजे आवाराचा किंवा शेताचा हाताने काढलेला नकाशा. त्यावर छपरे, उघडे यार्ड, डिझेल पंप, गोठा, खताची खोली, विहीर आणि बोअर दाखवावे, उताराचे बाण काढावेत आणि पाणी आवाराबाहेर पडते ती प्रत्येक जागा ठळक करावी. नकाशा कोरड्या दिवसांत काढला, तरी एखाद्या जोरदार सरीत छत्री घेऊन तो पडताळलाच पाहिजे, कारण कागदावरचा उतार आणि प्रत्यक्ष वाहणारी धार यांत फरक असतो. फाटकाखालून, कंपाउंडच्या भिंतीला पडलेल्या भोकातून किंवा शेजारच्या प्लॉटमधून येणारे पाणी असेच लक्षात येते.

कारखान्यासाठी याहून सोपी आणि फार उपयोगी तपासणी उन्हाळ्यात करता येते. मार्च-एप्रिलमध्ये, पाऊस नसताना, पावसाळी गटाराच्या शेवटच्या तोंडाशी जाऊन पाहावे. तिथे धार लागलेली असेल, तर ते पावसाचे पाणी असूच शकत नाही. कुठेतरी धुण्याचे, कूलिंग टॉवरचे किंवा थेट प्रक्रियेचे सांडपाणी त्या गटारात जोडले गेले आहे, असा त्याचा अर्थ आहे. एकेका चेंबरमध्ये मागे मागे जात ती जोडणी शोधून तोडावी. तसे केल्याशिवाय पुढच्या कोणत्याही उपायाला अर्थ राहत नाही.

मग हिशेब करावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमते. दोन हजार चौरस मीटरच्या काँक्रीट यार्डवर पहिले १५ मिलिमीटर धरले आणि त्यातले ९० टक्के वाहून आले, तर २७,००० लिटर पाणी होते. म्हणजे ३०,००० लिटरची टाकी पुरते. वाहण्याचा वेगही असाच काढता येतो. ताशी ५० मिलिमीटर पाऊस असेल, तर एक हेक्टर काँक्रीटवरून सेकंदाला सुमारे १२५ लिटर पाणी येते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या होत्या आणि पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात हे प्रमाण ५० मिलिमीटर धरले गेले. कोकणपट्टीत काम करताना निदान हा दुसरा आकडा गृहीत धरावा. मात्र २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तसा पाऊस कोणत्याही टाकीत मावणार नाही. टाकी बांधायची ती पहिल्या, सर्वांत घाण पाण्यासाठी. त्यानंतरच्या पाण्याला मोकळी वाट ठेवावी लागते.

शेत आणि गोठा

शेतातल्या प्रदूषणाचे दोन प्रवासी आहेत आणि त्यांचे मार्ग वेगळे आहेत, हे समजले की उपाय आपोआप सुचतात. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून राहते, म्हणून ते मातीबरोबर वाहून जाते. नत्राचे नायट्रेट हे रूप पाण्यात विरघळते, म्हणून ते पाण्याबरोबर वाहते किंवा खाली झिरपून विहिरीत उतरते. स्फुरद रोखायचे तर माती धरावी लागते. नत्र रोखायचे तर खत देण्याची वेळ आणि मात्रा सांभाळावी लागते. बांधावरचे गवत पहिले काम उत्तम करते, दुसरे फारच थोडे करते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडलेले पाणी लहान बाळांना धोक्याचे असते. त्यामुळे हा प्रश्न नदीइतकाच आपल्याच विहिरीचा आहे.

युरिया शेतात नुसता वरून फेकणे आणि मग पावसाची वाट पाहणे ही सवय सोडली पाहिजे. युरिया पाण्यात चटकन विरघळतो, आणि मातीत त्याचे रूपांतर होण्याआधी माती त्याला धरून ठेवू शकत नाही. त्या अवधीत मोठी सर आली, तर दिलेले खत बांधाबाहेर जाते. जमीन वाफशावर असताना, हवामान खात्याचा दोन-तीन दिवसांचा अंदाज पाहून, दोन-तीन हप्त्यांत विभागून आणि ओळीच्या बाजूला मातीआड करून ते द्यावे. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतामध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते. ते पृष्ठभागावर पडून राहिले तर मातीच्या पहिल्या थरासोबत जाते, म्हणून पेरणीच्या वेळी पाभरीने बियाण्याच्या खाली-बाजूला पेरावे.

पहिल्या पावसाचा नियम शेताला जसाच्या तसा लागू होत नाही, हे इथे सांगितले पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि सुरुवातीचा पाऊस त्या भेगांमध्ये मुरतो. जुलै उजाडेपर्यंत भेगा मिटतात, पृष्ठभाग लिंपल्यासारखा बंद होतो आणि त्यानंतरचे पाणी माती घेऊन धावू लागते. म्हणून या जमिनीत खरी राखण जुलै-ऑगस्टमध्ये करावी लागते. उताराला आडवी पेरणी, सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी म्हणजेच बीबीएफ पद्धत, ठरावीक अंतरावर मृतसरी म्हणजे पाणी मुरण्यासाठी मोकळी सोडलेली सरी आणि बांधाला दगडी सांडवा, एवढे केले तरी ओढ्याचे पाणी डोळ्यांना दिसेल इतके निवळते. कोकणातल्या जांभ्या जमिनीत उलट स्थिती आहे. तिथे पाणी भराभर झिरपते, त्यामुळे गोठ्याचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही काढू नये.

शेताच्या खालच्या बांधालगत गवताचा पट्टा ठेवावा. पाच ते दहा मीटर रुंदी चांगली. पण ज्याची जमीनच दोन एकर आहे, त्याला दहा मीटर सोडायला सांगणे योग्य नाही. त्याने तीन मीटरचा पट्टा ठेवून त्यात मारवेल किंवा गजराज लावावे आणि बांधावर वाळ्याची दाट ओळ लावावी. हा चारा कापून जनावरांना घालावा, कारण कापलेल्या गवताबरोबर अडवलेले नत्र-स्फुरदही उचलले जाते. पट्टा काम करतो तो पाणी पातळ पसरून आले तरच. एका ओघळीतून जोरात येणारे पाणी गवत आडवे पाडून निघून जाते, म्हणून ओघळीच्या तोंडाशी दगडांची आडवी रांग रचून पाणी आधी पसरवावे.

द्राक्षबागांचा प्रश्न वेगळा मांडावा लागेल. नाशिक-सांगलीकडे गोडी छाटणीचा, म्हणजे फळांसाठीच्या ऑक्टोबर छाटणीचा काळ परतीच्या पावसाला लागूनच येतो. पानावर मारलेले बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) धुऊन जाते, म्हणून पुन्हा फवारणी होते आणि तांबे मातीत साचत जाते; पुढे ती माती वाहिली की तांबे ओढ्यात पोहोचते. दोन ओळींमधली जागा उघडी न ठेवता तिथे गवत किंवा ताग राखणे हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. फवारणीचा ब्लोअर भरण्याचे आणि धुण्याचे ठिकाण विहिरीपासून व नाल्यापासून दूर, गवताळ जागेवर असावे. औषधाची रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतावे, बाटलीला भोक पाडावे, आणि पंप धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारून संपवावे. हे ओढ्याकाठी बसून करू नये, एवढे जरी गावाने ठरवले तरी पुष्कळ फरक पडेल.

गोठ्यासाठी सर्वांत आधी पन्हळ बसवावी. दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर हंगामात ४२,००० लिटर स्वच्छ पाणी येते, आणि पन्हळ नसेल तर हे सगळे पाणी शेण-मुतात मिसळून वाहते. उकिरडा सखल खड्ड्यात नको. तो उंचवट्यावर, पक्क्या तळावर, वरून झाकलेला असावा आणि त्याच्या खालच्या अंगाला रस जमण्यासाठी लहान हौद असावा. हौदातला रस उघडीप मिळाली की पुन्हा ढिगावर शिंपडावा. त्यातले नत्र विकत घेतलेल्या खताइतकेच मोलाचे आहे.

कारखान्याचे आवार

कारखान्यात पाण्याचे तीन प्रकार वेगळे ठेवावेत: छपराचे पाणी, रस्ते आणि मोकळ्या जागेचे पाणी, आणि जिथे माल उतरतो, भरतो किंवा सांडतो तिथले पाणी. तिसऱ्या प्रकारची जागा जितकी लहान करता येईल तितकी करावी. ड्रम उतरवण्याच्या जागेवर पत्र्याचे छप्पर आणि भोवती काँक्रीटचा बुटका उंचवटा घातला, तर त्या जागेचे प्रदूषित पाणी जवळजवळ शून्यावर येते. त्या एका छपराचा खर्च ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, वाढवण्याच्या खर्चापुढे काहीच नसतो. आवार कोरडे झाडून घ्यावे, पाण्याचा फवारा मारून धुऊ नये, कारण धुतलेले पाणी शेवटी त्याच गटारात जाते. स्क्रॅप यार्ड, राखेचे ढीग, साखर कारखान्यातले बगॅस (उसाचा चोथा) आणि प्रेसमड (रस गाळल्यावर उरलेली मळी) यांची विल्हेवाट गाळप हंगाम संपताच लावावी.

साठवण टाक्यांभोवतीच्या डाईकमध्ये, म्हणजे गळती अडवणाऱ्या भिंतीच्या आत, सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव मावेल एवढी जागा ठेवण्याची रीत आहे. मात्र पाहणीत वारंवार दिसणारा दोष भिंतीच्या उंचीत नसतो, तो व्हॉल्व्हमध्ये असतो. पावसाचे पाणी साचते म्हणून कोणीतरी डाईकचा व्हॉल्व्ह जूनमध्ये उघडतो आणि तो ऑक्टोबरपर्यंत तसाच राहतो. मग डाईक असून नसल्यासारखी होते. हा व्हॉल्व्ह कायम बंद आणि कुलपात असावा, किल्ली पाळीप्रमुखाकडे असावी, आणि साचलेले पाणी सोडण्याआधी त्याचा सामू (पीएच), वास आणि तवंग पाहून नोंदवहीत सही करावी.

पहिल्या पाण्याची टाकी प्रवाहाच्या बाजूला बांधावी, प्रवाहात नको. गटाराच्या शेवटी एक चेंबर घ्यावे. त्याच्या तळाशी टाकीकडे जाणारा पाइप आणि वरच्या पातळीवर नाल्याकडे जाणारी सांडभिंत ठेवावी. सुरुवातीचे पाणी तळाच्या पाइपने टाकीत उतरते. टाकी भरली की चेंबरमधली पातळी चढते आणि नंतरचे, तुलनेने स्वच्छ पाणी सांडभिंतीवरून नाल्यात जाते. टाकीतले पाणी जागच्या जागी राहते, ढवळले जात नाही. टाकी प्रवाहाच्या मध्येच बांधली, तर नंतरचा लोंढा आधी पकडलेली घाणही घेऊन जातो. टाकीतले पाणी ईटीपीला सावकाश, झेपेल तेवढेच द्यावे आणि पुढच्या उघडिपीत ती रिकामी करून ठेवावी. यार्डचे पाणी पुनर्भरणाच्या बोअरमध्ये सोडण्याची चूक कोणीही करू नये. पुनर्भरणासाठी फक्त स्वच्छ छपराचे पाणी घ्यावे, आणि चिमणीची किंवा भुकटीची धूळ छपरावर बसत असेल तर तेही घेऊ नये. भूजल एकदा बिघडले की कित्येक वर्षे सुधारत नाही.

नाल्याकडे जाणाऱ्या प्रत्येक तोंडावर हाताने बंद करता येईल असे गेट बसवावे. त्याची गरज आगीच्या वेळी कळते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेले पाणी गोदामातली कीडनाशके घेऊन ऱ्हाइन नदीत गेले आणि नदीतले ईल मासे मोठ्या प्रमाणात मेले. महाड, लोटे परशुराम, तारापूर या आपल्या रासायनिक वसाहतींच्या खालीही नद्या आणि खाड्या आहेत. आग लागल्यावर गेट कोणी बंद करायचे, हे आधीच नावानिशी ठरलेले असावे आणि मॉकड्रिलमध्ये ते एकदा प्रत्यक्ष बंद करून पाहावे.

पावसाच्या आडोशाने साठवलेले सांडपाणी सोडून देण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. त्याला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २४ नुसार सरळ मनाई आहे आणि तो खालच्या गावांवर केलेला अन्याय आहे. पाऊस कितीही मोठा असला तरी ते विष पातळ झाले म्हणून निरुपद्रवी होत नाही.

एसटी आगार, ट्रक टर्मिनल, गॅरेज

इथे मुख्य शत्रू तेल आहे, आणि तेलाचा सापळा बांधणे सोपे असल्यामुळेच तो चुकीचा बांधला जातो. तीन कप्प्यांच्या हौदात पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात वरून सांडू नये. खाली वळवलेल्या कोपर-पाइपचे तोंड पाण्याखाली निदान हातभर बुडालेले असावे, म्हणजे वर तरंगणारे तेल मागेच अडते. ०.१५ मिलिमीटर व्यासाचा तेलाचा थेंब सेकंदाला साधारण १.२ मिलिमीटर वेगाने वर चढतो; म्हणून हौदाची खोली वाढवून उपयोग नसतो, पृष्ठभाग वाढवावा लागतो. डिझेल पंप आणि रॅम्प मिळून २०० चौरस मीटर उघडी जागा असेल, तर ताशी ५० मिलिमीटर पावसात सेकंदाला २.८ लिटर पाणी येते आणि त्याला थेंब चढण्याच्या वेगाने भागले तर निदान २.३ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. प्रवाहाची खळबळ लक्षात घेऊन तो दुप्पट, म्हणजे पाच चौरस मीटर ठेवावा. पंपावर छत घातले तर हा आकडा आणखी खाली येतो.

साबणाचे पाणी मात्र या सापळ्यात आणू नये. डिटर्जंटने तेलाचे थेंब इतके बारीक होतात की ते वर चढतच नाहीत, दुधासारखे पांढुरके पाणी तिन्ही कप्पे ओलांडून नाल्यात जाते आणि आधी अडवलेले तेलही फुटून त्याच्याबरोबर निघते. गाड्या धुण्याचा रॅम्प वेगळा, छताखाली असावा आणि त्याचे पाणी स्वतंत्र प्रक्रियेकडे न्यावे. ऑइल बदलताना खाली ट्रे ठेवावा, सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकून तो भरून ठेवावा, आणि जुन्या बॅटऱ्या उघड्यावर ठेवू नयेत. खडी टाकलेल्या पार्किंगमध्ये तेल दिसत नाही म्हणून ते नाही असे समजू नये. ते खडीखाली साठते आणि जोराच्या पावसात मातीबरोबर बाहेर येते.

नमुना, नोंद आणि गाळ

नमुना पाणी बाहेर पडू लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा, दुपारी पाऊस ओसरल्यावर नव्हे. तेलासाठीचा नमुना रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत थेट धारेतून घ्यावा. प्लॅस्टिकला तेल चिकटते आणि आकडा खोटा कमी येतो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मानकांत सामू ५.५ ते ९, तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅम आणि तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात याहून कडक अट असेल तर तीच पाळावी. पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसला तर काडीने तो हलवून पाहावा. तेल असेल तर तवंग पुन्हा जुळतो. जांभ्याच्या प्रदेशात लोहजीवाणूंमुळेही तसाच तवंग येतो, पण तो काचेच्या तुकड्यांसारखा फुटतो आणि तसाच राहतो.

गाळाच्या हौदाबद्दल अपेक्षा वाजवी ठेवावी. एक मीटर खोल पाण्यात ०.०१ मिलिमीटरचा पोयट्याचा कण तळाशी जायला सुमारे तीन तास घेतो, तर चिकणमातीच्या कणाला तीन दिवसही लागतात. त्यामुळे लहान हौद वाळू आणि जाड गाळ अडवतो, काळ्या मातीचा गढूळपणा अडवत नाही; तो शेतातच अडवावा लागतो. हौद एक तृतीयांश भरला की उपसावा. शेततळ्यातला किंवा नालाबांधातला गाळ उन्हाळ्यात पुन्हा शेतात पसरावा, तो उत्तम असतो. कारखान्याच्या आणि तेलसापळ्याच्या गाळाला हे लागू नाही. तो आणि काळे ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात. ते झाकलेल्या, लेबल लावलेल्या बॅरलमध्ये, छताखाली, ९० दिवसांपेक्षा जास्त न ठेवता अधिकृत संस्थेकडे पाठवावे आणि त्याची पावती जपावी. हा गाळ भराव म्हणून किंवा खड्डे बुजवायला कोणी मागितला, तरी देऊ नये.